वारीचे सहा हजार फोटो आणि भिंतीवर जागा छत्तीसांची: निवड कशी करावी?

गावचं_वाचनालय

आमच्या गावची दिंडी माऊलींच्या पालखी सोहळ्यात आळंदीहून पंढरपूरला जाते. २०२५ च्या वारीत (प्रस्थान १९ जून, आषाढी एकादशी ६ जुलै) पाच जणांनी फोटो काढले. दोन डीएसएलआर, एक मिररलेस, बाकी मोबाइल. सगळं मिळून सहा हजारांच्या आसपास फाइली आहेत आणि मोबाइलवरच्या बऱ्याचशा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या आहेत.

वाचनालयाच्या सभागृहात ३६ फोटोंचं प्रदर्शन आणि सोबत ४८ पानांची पुस्तिका करायची आहे. नुसते 'छान छान फोटो' लावायचे नाहीत. न चाललेल्या माणसालाही वारी कशी असते ते फोटोंतून कळावं, असा हेतू आहे.

अडचणी अशा: कॅमेऱ्यांच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळे क्रम लागत नाही. रिंगणाचे आठशे फोटो आहेत आणि मुक्कामाचे मोजके. पाचही जणांना आपापले फोटो हवे आहेत. निवडीला सुरुवात कुठून करायची, क्रम कसा लावायचा आणि छपाईत काय सांभाळायचं, हे जाणकारांनी सांगावं.

निवडकर

आधी वेळा जुळवा, तोवर एकही फोटो निवडू नका. क्रम लागलेला नसला की एकाच प्रसंगाचे फोटो पाच ठिकाणी विखुरलेले राहतात आणि तुम्ही तीच निवड पाचदा करत बसता.

मोबाइलचं घड्याळ नेटवर्कवरून चालतं, ते प्रमाण धरा. मग प्रत्येक कॅमेऱ्यात आणि मोबाइलमध्ये सापडेल असा एकच क्षण शोधा. समाजआरतीला, म्हणजे मुक्कामाच्या तळावरच्या सामुदायिक आरतीला, चोपदार दंड वर करतात तो क्षण किंवा रिंगणात अश्व सुटतो तो क्षण यासाठी उत्तम. दोन्हीकडच्या वेळांतला फरक काढा आणि तेवढाच फरक त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फाइलींना एकदम लावा. लाइटरूम क्लासिक या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटा मेनूत कॅप्चर टाइम (फोटो काढल्याची वेळ) बदलण्याची सोय आहे. डिजिकॅम हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातही हे होतं. बॅटरी काढल्यावर एखाद्या कॅमेऱ्याची तारीखच मूळपदावर गेली असेल, तर त्याच्या फाइली तिथे तोडून दोन गट करा. प्रत्येक गटाचा फरक वेगळा निघेल.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या फाइलीतून काढल्याची वेळ निघून जाते. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो काढल्याची नसते, पाठवल्याची किंवा मिळाल्याची असते. शिवाय साध्या दर्जात मोठी बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. त्यामुळे मोबाइलवाल्यांकडून मूळ फाइली पुन्हा मागवा: केबलने, ड्राइव्हवर, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरच 'डॉक्युमेंट' म्हणून. हे आजच करा, कारण जागा भरली की लोक फोनमधले जुने फोटो पुसतात.

त्यानंतर सगळ्यांच्या तीन प्रती: दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी गावाबाहेर कुणाकडे किंवा क्लाउडवर. निवड संपेपर्यंत एकही फाइल पुसायची नाही, नाकारलेलीसुद्धा.

आता चाळण्या. पहिल्या चाळणीत 'ठेवा' की 'नको' एवढंच. फोटोमागे दोन सेकंद. सहा हजारांना सव्वातीन-साडेतीन तास लागतात, ते दोन बैठकांत करा, कारण तासाभरानंतर डोळा बोथट होतो. हललेले, मिटल्या डोळ्यांचे, कुणाची तरी पाठ मध्ये आलेले फोटो बाजूला. इथे आठ-नऊशे उरले पाहिजेत. तारे देत बसू नका. पहिल्या फेरीत पाच तारे दिलेला फोटो पुढे नाकारायला हात धजत नाही.

दुसऱ्या चाळणीत प्रसंगवार गट करा आणि प्रत्येक गटाला एकच विचारा: इथे काय घडलं, ते कोणता फोटो सर्वांत कमी शब्दांत सांगतो? इथे अडीचशेपर्यंत या. मध्ये निदान दोन दिवस जाऊ द्या. मग शंभर काढा आणि त्यांचे ४ बाय ६ इंची साधे प्रिंट करून घ्या. यापुढचं काम पडद्यावर करू नका, सतरंजीवर करा. पडद्यावर एका वेळी एकच फोटो नीट दिसतो आणि तुम्हाला तर दोन फोटोंमध्ये काय चाललंय ते पाहायचं आहे.

पाच जणांच्या हट्टाबद्दल: सतरंजीवर मांडताना प्रिंटच्या मागे फक्त क्रमांक हवा, नाव नको. 'प्रत्येकाचे निदान पाच' असा कोटा ठरला की प्रदर्शन तिथेच संपतं. निवड एकाने करावी. शेजारी असा एक जण बसवा जो पूर्ण वाट चालला आहे पण ज्याने एकही फोटो काढलेला नाही. फोटो काढणाऱ्याला तो फोटो मिळवायला पडलेले कष्ट आठवतात, आणि ते कष्ट चौकटीत दिसत नसतात.

तळावरचा_माळकरी

निवडकरांनी चाळण्या सांगितल्या, मी मजकुराचं बोलतो.

रिंगणाचे आठशे फोटो असले तरी भिंतीवर जास्तीत जास्त चार लावा. पण ते चार नेमके हवेत. सगळे जण धावत्या अश्वावर कॅमेरा धरून सेकंदाला दहा फोटो काढतात आणि बाकीचं निसटतं. आधी आखलेली वाट आणि कडेने दाटीने बसलेली माणसं. मग पताकावाले, तुळशीवाल्या बाया, विणेकरी यांच्या फेऱ्या. मग माऊलींचा अश्व, ज्याच्या पाठीवर स्वार नसतो. आणि शेवटी टापांखालची माती कपाळाला लावायला वाकलेली माणसं. न चाललेल्या माणसाला हा शेवटचा फोटो एकटा दाखवलात तर कुणीतरी मातीत काहीतरी शोधतंय एवढंच दिसेल. अश्वाच्या शेजारी लावलात की तेच रिंगणाचं सार होतं. म्हणून अश्वाचा सर्वांत देखणा फोटो निवडू नका. मातीच्या फोटोशी ज्याचं नातं लागतं तो निवडा: जमीन दिसणारा, टापा दिसणारा, धूळ उडालेला.

अजून एक. स्वाराचा अश्व आणि माऊलींचा अश्व यांत गल्लत करू नका. पताका घेतलेला स्वार ज्याच्यावर असतो तो माऊलींचा नव्हे. बघायला येणारे निम्मे लोक वारकरी असतील, त्यांना हे पहिल्या नजरेत कळेल आणि बाकी प्रदर्शनावरचा विश्वास उडेल.

क्रमाचंही तेच. पुणे, दिवे घाट, सासवड, जेजुरीचा भंडारा, नीरास्नान, लोणंद, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, पुरंदावड्याचं गोल रिंगण, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. हा क्रम लोकांना पाठ आहे. चांगलं दिसतं म्हणून पुरंदावड्याचा फोटो नीरेच्या आधी टाकलात तर माणसं थांबून चूकच शोधतील.

आता तुमच्या संग्रहात काय नाही ते शोधा. मुक्कामाचे फोटो मोजके आहेत असं तुम्हीच म्हणता. वारीचा अर्धा जीव तळावर असतो. पुढे पोचलेला दिंडीचा ट्रक, पाल ठोकणारे, टँकरपुढची रांग, पिठलं-भाकरीची पंगत, पायाला तेल लावणारे हात, ओली धोतरं वाळत घातलेला दोर, एका बोर्डाला लटकलेले वीस मोबाइल. आणि समाजआरती. दंड वर गेला की लाखोंचा तळ गप्प होतो. कुणाची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवत राहते, मग तिचं ऐकून घेतलं जातं. हरवल्या-सापडल्याच्या घोषणा होतात. एवढा मोठा सोहळा शिस्तीत कसा चालतो, याचं उत्तर या एका प्रसंगात आहे. तिथला फोटो थोडा हललेला, दाणेदार असला तरी घ्या. पहिल्या चाळणीत असे अंधारातले फोटो 'नको'मध्ये गेले असतील, म्हणून नाकारलेले पुन्हा एकदा फक्त रात्रीच्या वेळा लावून बघा.

गावचं_वाचनालय

खूपच उपयोगी. मूळ फाइली मागवायला सुरुवात केली. दोन प्रश्न. दिवे घाटाचा वळणावरून घेतलेला मोठा फोटो आहे, तो सगळ्यांना पहिला हवा आहे. ठेवावा का? आणि सगळा प्रवास तारखेनुसारच लावायचा तर 'गोष्ट' कुठे राहिली, ती नोंदवहीच होईल ना?

निवडकर

दुसऱ्या प्रश्नात मुद्दा आहे. वाट तारखेनुसार ठेवा, पण प्रत्येक टप्प्यावर दिवसाची वेगळी वेळ घ्या. आळंदीत गर्दी, पुण्यात रात्रीचा मुक्काम, दिवे घाटात चढ, जेजुरीत दुपार, नीरेवर अंघोळ, तरडगावात संध्याकाळ, फलटणला समाजआरती, बरडला पहाटेचा काकडा, वेळापूरजवळ धावा, म्हणजे वारकऱ्यांचं धावत सुटणं. अंतर पुढे सरकतं आणि त्यासोबत वारकऱ्याचा एक अख्खा दिवसही उलगडतो. प्रत्येक मुक्कामाचं आगमन-भजन-जेवण पुन्हा पुन्हा दाखवायची गरज उरत नाही. नोंदवही होते ती पुनरावृत्तीमुळे. तारखेला दोष नाही.

प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने त्याचं काम लिहा: 'जागा', 'माणूस', 'हात/वस्तू', 'दोघांमधलं काही', 'वळण'. मग ३६ पसरून कामं मोजा. बहुतेक संग्रहांत वीस-बावीस 'माणूस' निघतात आणि त्यातही हात जोडलेल्या सुरकुतलेल्या आजीच जास्त. अशा आज्यांतून दोन ठेवा. लागोपाठच्या दोन फोटोंचं काम एकच असेल तर त्यातला कच्चा काढा. एखादा फोटो उचलल्यावर शेजारच्या दोघांना काहीच फरक पडत नसेल, तर तो कितीही सुंदर असो, त्याची इथे जागा नाही. हा निकष मला तांत्रिक दर्जापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

चालण्याची दिशाही बघा. देवनागरी वाचणारा डोळा डावीकडून उजवीकडे जातो. चालती माणसं शक्य तिथे त्याच दिशेने ठेवली की वाट पुढे सरकते. सगळी उलटी, म्हणजे वाचणाऱ्याच्या अंगावर येणारी, ठेवलीत तर अडल्यासारखं होतं. थांबण्याच्या प्रसंगी, विसाव्याला, उलट दिशेचा फोटो मुद्दाम वापरता येतो. पण दिशेसाठी फोटो आरशासारखा उलटवू नका. पताकांवरची, टोप्यांवरची, ट्रकवरची अक्षरं उलटी होतात.

दिवे घाट: पहिला नको. हा फोटो दरवर्षी सगळ्या वर्तमानपत्रांत असतो. तो पहिला दिसला की बघणारा 'हो, माहीत आहे' म्हणून पुढे सरकतो. सुरुवात तुमच्या गावातून करा. पिशवी भरणं, वीणा उतरवणं, ट्रकवर सामान चढवणं, असं काही असेल तर ते.

तळावरचा_माळकरी

इथे माझं मत वेगळं आहे. पहिला नको हे मान्य, पण घाट लहान करून कोपऱ्यात टाकू नका. ज्यांनी घाट चढला आहे ते या फोटोत स्वतःची जागा शोधतात, बोट ठेवून सांगतात. तो मोठाच लावा, २० बाय ३० इंचात, आणि शेजारी त्याच चढणीवरचा एक जवळचा फोटो लावा: रथाच्या बैलांचा किंवा घामाने भिजलेल्या पाठीचा. लांबून दिसणारी रेघ आणि त्या रेघेतला माणूस.

शेवटाचंही सांगतो. चंद्रभागेची गर्दी आणि कळसदर्शन येणारच, पण तिथे थांबू नका. काल्यापर्यंतचे फोटो असतील तर तो घ्या. नंतर ट्रक रिकामा करणं, गावात आल्यावर वाटलेला बुक्का आणि लाह्या-चुरमुऱ्यांचा प्रसाद, हेही. सुरुवात गावात केली तर शेवटही गावात होऊ द्या.

काही फोटो मात्र बाहेरच ठेवा. नीरेवर किंवा चंद्रभागेत अंघोळ करणाऱ्या बायांचे, कपडे बदलतानाचे, झोपलेल्यांचे अंग उघडं पडलेले फोटो कितीही 'नैसर्गिक' आले असले तरी नकोत. दवाखान्याच्या तंबूतला रुग्ण ओळखू येत असेल तर त्याला विचारा, नाहीतर नुसते मलमपट्टीचे पाय घ्या. लहान मुलाचा फोटो असेल तर आईवडिलांना आधी दाखवा. तुमच्याच गावची दिंडी आहे, घरोघरी जाऊन दाखवणं अवघड नाही.

कागदशाई

छपाईचं माझ्याकडे.

आधी आकार. १२ बाय १८ इंची प्रिंटला २०० पीपीआय (दर इंचाला २०० पिक्सेल) धरले तर २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण ८.६ मेगापिक्सेल. भिंतीवर हातभर अंतरावरून बघायला हे पुरतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या १६०० पिक्सेलवाल्या फाइलीतून याच हिशेबाने जेमतेम ८ इंच निघतात. मूळ फाइल मिळालीच नाही तर तो फोटो ६ बाय ८ मध्ये लावा. ओढून मोठा करू नका. चेहरे मेणासारखे होतात.

कॅमेऱ्याची चौकट ३:२ असते, मोबाइलची बहुधा ४:३. मोबाइलचा फोटो १२ बाय १८ मध्ये बसवताना वरून-खालून नववा भाग जातो आणि नेमकी पताकांची टोकं किंवा पाय कापले जातात. एकतर मोबाइलचे फोटो १२ बाय १६ मध्ये करा, नाहीतर कापणी स्वतः करून द्या. लॅबवर सोडू नका.

भिंत: ४ फोटो २० बाय ३०, २२ आडवे आणि १० उभे १२ बाय १८ असे धरले आणि मध्ये १२ सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर सलग २० मीटरच्या आसपास भिंत लागते. सभागृह आधी मोजा. जागा कमी असेल तर अंतर कमी करू नका, फोटो कमी करा. फोटोचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर. शाळेची मुलं येणार असतील तर १३५. वेगवेगळ्या आकारांच्या वरच्या कडा एका रेषेत आणायला जाऊ नका, मध्य एका रेषेत आणा.

फ्लेक्सवर छापू नका. स्वस्त पडतं, पण बारीक तपशील जातो आणि ट्यूबलाइट चमकते. मॅट फोटोपेपर, त्यावर मॅट लॅमिनेशन आणि मागे ५ मिमी सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड). पावसाळी हवेत चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर दुहेरी टेप धरत नाही, दुसऱ्या दिवशी बोर्ड खाली असतात. भिंतीला वर आडवी लाकडी पट्टी ठोकून नायलॉनच्या दोरीने टांगा.

रंगात दोन गोष्टी बिघडतात. पहिली भगवा. कडक उन्हात पताकांचा लाल चॅनल फाटतो, म्हणजे लाल रंगातला तपशील नोंदलाच जात नाही, आणि कापडाच्या सुरकुत्या जाऊन सपाट डाग उरतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ फाइल) असेल तर एक्स्पोजर कमी करून सुरकुत्या परत मिळवा. सॅच्युरेशन वाढवू नका. पुस्तिका ऑफसेटवर सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, छापली तर पडद्यावर झळाळणारा भगवा कागदावर मळकट उतरतो. नारिंगीचं सॅच्युरेशन दहा-पंधराने उतरवून ल्युमिनन्स (उजळपणा) थोडं वाढवा आणि एक पान आधी छापून बघा.

दुसरी गोष्ट पांढरा. व्हाइट बॅलन्सचा (फोटोतली रंगछटा सुधारण्याचा) ड्रॉपर धोतरावर किंवा टोपीवर टेकवू नका. नीळ घातलेली असते, ते कापड मुळातच निळसर. तो निळा काढायला गेलात की चेहरे पिवळे पडतात. ढगाळ दिवसात रस्त्याचं डांबर किंवा सिमेंटचा कठडा जास्त भरवशाचा. पाच जणांचे रंग जुळवताना प्रत्येक प्रसंगात एक फोटो आधी नीट करा आणि बाकीचे त्याच्या शेजारी ठेवून जुळवा.

पुस्तिका: ४८ पानं म्हणजे १६ पानांचे तीन फर्मे (एकत्र छापून दुमडलेले गठ्ठे), हिशेब बरोबर आहे. पहिलं पान उजवीकडे येतं आणि ४८ वं डावीकडे, मध्ये समोरासमोरच्या २३ जोड्या मिळतात. तुमची खरी मांडणी या जोड्यांची आहे. दोन्ही पानांवर पसरलेला फोटो घ्यायचा असेल तर माणसाचा चेहरा मध्यावर येऊ देऊ नका. चिकटवलेल्या बांधणीत दोन्ही बाजूंचे आठ-दहा मिलिमीटर आत गिळले जातात. शक्य असेल तर फर्मे शिवून घ्या, पुस्तक सपाट उघडतं. कडेपर्यंतच्या फोटोंना सगळीकडून ३ मिमी जादा द्या. कागद १३० जीएसएमपेक्षा (दर चौरस मीटरला ग्रॅम) पातळ नको, पलीकडचा फोटो दिसतो. १७० चा मॅट आर्ट पेपर उत्तम. सगळी पानं भरू नका. रात्रीच्या समाजआरतीसमोर एक कोरं पान ठेवायला मी तरी कचरणार नाही.

गावचं_वाचनालय

शेवटचा प्रश्न. प्रत्येक फोटोखाली अभंगाची ओळ द्यावी असं समितीचं म्हणणं आहे. की नुसती जागेची नावं?

तळावरचा_माळकरी

छत्तीस ओळी दिल्या की बघणारा ओळी वाचतो, फोटो नाही. आणि सोशल मीडियावर फिरणाऱ्या अर्ध्या ओळी गाथेत सापडत नाहीत. द्यायच्याच असतील तर सुरुवातीला एक आणि शेवटी एक, दोन्ही छापील गाथेतून तपासून.

फोटोखाली जागा, तारीख आणि चौकटीत न दिसणारी एक गोष्ट लिहा. 'वारकरी टाळ वाजवताना' हे दिसतंच आहे. 'फलटण, समाजआरती. दंड वर गेल्यावरही टाळ वाजवणारी ही दिंडी आपली तक्रार मांडते आहे', याने फोटो उघडतो. पण त्या दिंडीची खरोखर तक्रार होती, हे विचारून घेतलं असेल तरच असं लिहा. माणूस ओळखीचा असेल तर त्याची परवानगी घेऊन नाव आणि गाव, तेही तो स्वतः लिहितो तसं. दिंडीचा क्रमांक लिहिताना 'रथापुढे' की 'रथामागे' हे विसरू नका. रथापुढच्या २७ दिंड्यांचे क्रमांक वेगळे आणि मागच्यांचे वेगळे चालतात, नुसता क्रमांक दिला तर भलतीच दिंडी होते.

कागदशाई

प्रत्येक फोटोचा मजकूर पंचवीस शब्दांच्या आत ठेवा. भिंतीवर अक्षर १८ पॉइंटपेक्षा लहान नको, म्हातारी माणसं येणार आहेत. पट्टी फोटोच्या खाली न लावता उजव्या बाजूला, फोटोच्या मध्याच्या उंचीवर लावा, म्हणजे वाकावं लागत नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि छापखान्याला पीडीएफ देताना फॉन्ट एम्बेड करा. ते राहिलं तर जोडाक्षरं फुटतात, आणि 'ज्ञानेश्वर' आणि 'विठ्ठल' हेच शब्द पहिल्यांदा फुटतात. प्रूफ कागदावर मागवा आणि गावातल्या दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्या.

गावचं_वाचनालय

समजलं. मूळ फाइली आल्या की वेळा जुळवून पहिली चाळणी सुरू करतो. शंभर प्रिंट सतरंजीवर मांडले की त्यांचा वरून घेतलेला फोटो इथे टाकतो, तेव्हा क्रमावर पुन्हा बोलू.

निवडकर

जरूर टाका. एका फोटोत शंभर मावणार नाहीत, वीस-वीसच्या ओळी करून पाच फोटो काढा आणि प्रिंटचे क्रमांक समोर दिसतील असे चिकटवा, म्हणजे इथून 'सदतीस काढा, बावन्न पुढे घ्या' असं नेमकं सांगता येईल.